थर्मामीटर रुजला, ॲप का अडतं?

 

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. गटाची कुठलीही बैठक घ्या, हप्त्यांचा हिशोब संपला की बोलणं मोबाइलवर येतं. गरोदर बाईची नोंद मोबाइलवर, बाळाचं वजन मोबाइलवर, पोषण आहार घ्यायचा तर चेहरा मोबाइलला दाखवायचा, दवाखान्यात गेलं की चौदा आकडी आभा नंबर विचारतात. कुणी म्हणतं, बरं झालं, डॉक्टर पडद्यावर तरी दिसतो. कुणी म्हणतं, आमची अंगणवाडीताई आता पोरांकडं कमी आणि फोनकडं जास्त बघते. दोन्ही खरं आहे.

आम्ही ठरवलं, नुसती तक्रार नको आणि नुसतं कौतुकही नको. जरा मागं जाऊन बघू. आरोग्याच्या कामात नवी वस्तू गावात येण्याची ही काही पहिली वेळ नाही. लस आली, वजनकाटा आला, थर्मामीटर आला, रुग्णवाहिकेचा नंबर आला. त्यातल्या काही वस्तू अशा रुजल्या की त्या कधी नव्या होत्या हेसुद्धा आपण विसरलो. काही मात्र वर्षानुवर्षं अडखळत राहिल्या. रुजलेल्या का रुजल्या आणि अडलेल्या का अडल्या, एवढंच आज पाहायचं आहे.

आधी आपला मुलूख

बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी पेठची थोडी ओळख. २०११ च्या जनगणनेत आपल्या तालुक्याची लोकसंख्या १ लाख २० हजारांच्या आसपास होती. बहुतेक सगळी आदिवासी वस्ती. कोकणा, महादेव कोळी, वारली. नाशिकचं सिव्हिल हॉस्पिटल पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, आणि मध्ये घाट. पश्चिमेला गुजरात. सीमेजवळच्या पाड्यांवर कधी कधी फोनला तिकडचाच टॉवर लागतो, आणि काही पेशंटसुद्धा धरमपूर-वलसाडकडं नेले जातात. पाऊस इतका की पावसाळ्यात ओढ्यापलीकडचा पाडा तुटतो. नागली, भात, वरई घरात आली की अर्धी माणसं दिंडोरी-निफाडकडं द्राक्षबागांच्या कामाला जातात.

म्हणजे आपल्याकडं चार गोष्टी आहेत: लांबचा दवाखाना, तुटका रस्ता, अधूनमधून मिळणारी रेंज आणि वर्षातले काही महिने गाव सोडून राहणारी बाई. शहरात बसून बनवलेल्या कुठल्याही यंत्राची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

प्लेगची गोष्ट

सव्वाशे वर्षांपूर्वी जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढं पुण्यात पसरला. त्या काळच्या मानानं सरकारकडं नवं ज्ञान होतं. मुंबईत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं प्लेगवर लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला. पुण्यात गोरे सैनिक घरात शिरून आजारी माणसं शोधू लागले, बायकांना तपासू लागले, सामान बाहेर काढून जाळू लागले. परिणाम काय झाला? लोक आजारी माणूस लपवू लागले, गाव सोडून पळू लागले. दवाखाना म्हणजे धरून नेण्याची जागा, अशी भीती मनात बसली.

त्याच पुण्याजवळ, त्याच महिन्यांत, सावित्रीबाई फुल्यांनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्याबरोबर हडपसरच्या बाजूला माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. तिथं त्या स्वतः रोग्यांना घेऊन येत. अशाच एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आणताना त्यांना प्लेगनं गाठलं आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

रोग एकच, गाव एकच. एका दवाखान्यापासून माणसं पळत होती आणि दुसऱ्यात रोग्यांना पाठीवर घेऊन येणारी बाई होती. वस्तू कोण घेऊन येतं, कशा रीतीनं घेऊन येतं, आणि ती आणणारी माणसं संकटात आपल्याबरोबर उभी राहतात का, यावर तिचं पुढचं ठरतं. मोबाइलच्या ॲपलाही हेच लागू आहे.

मण्यांची फळी आणि आशाताईची पिशवी

आता १९७० मध्ये येऊ. अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. नर्स आणि डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत हे पाहून त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणी शाळेत न गेलेल्या, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या मुलांची वजनं करायला, गरोदर बाई तपासायला, धोक्याची खूण ओळखायला शिकल्या. लोक म्हणत होते, अंगठा लावणाऱ्या बाईला हे कसं जमणार? जमलं. कारण शिकवणं एकदाच नव्हतं. दर आठवड्याला बायका एकत्र येत, आधीचं पुन्हा सांगत, नवं शिकत.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉक्टर अभय आणि डॉक्टर राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढं प्रश्न होता, की न्यूमोनियानं मुलं मरतात, तो ओळखायचा तर एका मिनिटात बाळ किती श्वास घेतं ते मोजावं लागतं. गावातल्या सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं आणि घड्याळही वाचता येत नव्हतं. मग त्यांनी एक साधं यंत्र केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोचला, तर न्यूमोनियाची शंका धरायची. दहापर्यंत मोजता येणारी कुठलीही बाई हे करू शकते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल तर धोका, हे मोठं शास्त्र त्या मण्यांत मावलं.

पुढं याच संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचं काम केलं. गावातल्या प्रशिक्षित बायका घरी जाऊन बाळ तपासत. त्या गावांत महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून जास्त उतरलं. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय मासिकात छापून आला, आणि २०११ पासून ही पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात घातली गेली. आज आपल्या पाड्यावरची आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, ती याच वाटेनं.

तिच्या पिशवीत काय असतं ते आठवा. वजनाची झोळी, काटा, आकडे दाखवणारं घड्याळ आणि डिजिटल थर्मामीटर. मैत्रिणींनो, आरोग्याच्या कामातलं ‘डिजिटल’ आपल्या घरात पहिल्यांदा मोबाइलमधून आलं नाही. ते या थर्मामीटरमधून आलं. त्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही, कुणी तो परत केला नाही, कुणी त्याला घाबरलं नाही.

असं का झालं, याचा आम्ही गटात बसून विचार केला. पाच कारणं निघाली. एक, थर्मामीटर जागच्या जागी उत्तर देतो. बीप वाजला की आईला आकडा दिसतो. दोन, त्याला रेंज, रिचार्ज, पासवर्ड काही लागत नाही. तीन, आकडा दिसल्यावर पुढं काय करायचं ते ठरलेलं आहे. अंग गार पडलं असेल तर बाळाला छातीशी घेऊन ऊब द्यायची, ताप असेल तर उशीर न करता दवाखाना. चार, तो वापरणारी बाई आपल्याच गावची, रात्री हाक मारली तरी येणारी. पाच, तिला तो हाताला धरून शिकवलेला आहे. ही पाच कारणं लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक गोष्टीला हीच फुटपट्टी लावू.

तीन आकडी नंबर

२०१४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात १०८ नंबरची रुग्णवाहिका सुरू झाली. राज्यभर ९३७ गाड्या. त्याआधी आपल्याकडं अवघडलेली बाई म्हणजे झोळी किंवा डोली, चार माणसांचे खांदे, नाहीतर कुणाची जीप मिळवायची आणि भाड्यापायी बैल विकायचा.

१०८ लोकांनी पटकन आपलासा केला. कारणं तीच. साधा बटणांचा फोन चालतो. लिहावं-वाचावं लागत नाही, नुसतं बोलायचं. फोनला पैसे पडत नाहीत. आणि फोन केल्यावर काहीतरी डोळ्यांसमोर येतं, गाडी येते, गाडीत डॉक्टर असतो.

पण अडतं कुठं तेही याच गोष्टीत दिसतं. फोन लागतो पुण्याच्या नियंत्रण कक्षाला. तिथल्या माणसाला आपला पाडा कुठल्या वळणावर आहे ते ठाऊक नसतं. सीमेजवळ रेंज गुजरातची असली तर आणखी गोंधळ. आणि गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते. तिथपर्यंतचा तुकडा अजूनही खांद्यावरच असतो. म्हणजे यंत्र कितीही चांगलं असलं, तरी रस्ता आणि टॉवर त्याचे पाय आहेत. २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारनं देशातल्या रेंज नसलेल्या २४ हजारांवर गावांत फोर-जी पोचवण्याची योजना मंजूर केली. आपल्या ग्रामसभेनं हा प्रश्न फक्त मोबाइलवाल्या पोरांचा समजू नये. टॉवर हा आता बाळंतपणाचाही प्रश्न आहे.

रजिस्टर वर जातं, खाली येत नाही

आता नोंदींकडं येऊ. सिस्टरकडं पूर्वी कपाटभर रजिस्टरं असत. २००८ साली आरोग्याचे आकडे संगणकावर भरायला सुरुवात झाली आणि २००९ च्या शेवटी प्रत्येक गरोदर माता आणि बाळ यांची नावानिशी नोंद ठेवणारी पद्धत आली. कल्पना चांगली होती. कुणाची तपासणी राहिली, कुणाची लस राहिली, ते कळावं आणि तिला आठवण करून द्यावी.

पण झालं असं, की सिस्टर आधी वहीत लिहायची, मग ते तालुक्याला कुणीतरी संगणकात भरायचं. वही गेली नाही आणि संगणक वाढला. एकच नाव दोनदा, तीनदा लिहायचं काम त्याच बाईच्या डोक्यावर आलं. भरलेली माहिती वर जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीला गेली. खाली पाड्यावर तिच्यातून परत काय आलं? बहुतेक वेळा, ‘तुमच्याकडं अमुक नोंदी बाकी आहेत’ एवढाच निरोप.

याच्या शेजारी आपलं माता-बाल संरक्षण कार्ड ठेवून बघा. कागदाचंच आहे. पण ते बाईच्या हातात असतं. त्यात पुढची तारीख असते, वाढीचा आलेख असतो. आपल्याकडं बाया ते आधार कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवतात. दवाखाना बदलला तरी ते दाखवता येतं. जी नोंद आपल्या कामाची आहे तिला बाई जिवापाड जपते, हे त्या पिशवीवरून कळतं.

दुसरी अडचण फोन कुणाचा ही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी जेमतेम २४ जणींनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. शहर आणि खेडी धरून स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका शंभरात ५५ होत्या. म्हणजे कागदावर बाईचा नंबर म्हणून जो आहे, तो पुष्कळदा नवऱ्याचा असतो. तो निफाडला बागेत. ओटीपी तिकडं जातो आणि बाई इकडं काउंटरपुढं उभी.

यात एक नाजूक बाजूही आहे, मैत्रिणींनो. अंतरा इंजेक्शन घेतल्याचा, गर्भपाताच्या सल्ल्याचा, एचआयव्हीच्या तपासणीचा निरोप घरातल्या दुसऱ्याच्या फोनवर गेला तर काय होईल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ज्या बाईला ही भीती आहे ती नंबर द्यायलाच कचरते, किंवा दवाखान्यात जाणंच टाळते. तिला अडाणी म्हणून भागणार नाही.

यावर वाट काढणारेही आहेत. मुंबईत ‘आरमान’ या संस्थेनं ‘एममित्र’ नावाची सेवा सुरू केली. त्यात गरोदर बाईला आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत आईला फोनवरून आवाजी निरोप येतात, तिच्या भाषेत, तिनं सांगितलेल्या वेळेला. वाचता येत नसलं तरी ऐकता येतं. नवरा घरी असण्याची वेळ असेल तर तीच वेळ निवडता येते. आवाजाची ताकद तर तुम्ही-आम्ही या रेडिओवरून रोजच अनुभवतो.

लस कमी, वेबसाइट मोठी

२०२१ चा मे महिना आठवतो? १ मे पासून १८ ते ४४ वयाच्या सगळ्यांना करोनाची लस मिळणार होती, पण आधी कोविन नावाच्या वेबसाइटवर नाव नोंदवून वेळ घ्यायची. सुरुवातीला ती वेबसाइट इंग्रजीत होती. हिंदी, मराठी आणि बाकीच्या भाषा जूनमध्ये आल्या. लस थोडी, मागणारे फार. शहरातली मुलं संगणकापुढं बसून क्षणात वेळ पटकवायची. राज्यात ठिकठिकाणी असं दिसलं, की शहरातली माणसं गाड्या करून आदिवासी भागातल्या केंद्रावर आली, लस घेऊन गेली आणि दारातली माणसं बघत राहिली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसं झालं.

सर्वोच्च न्यायालयानं ३१ मे २०२१ च्या आदेशात हाच मुद्दा धरला. ज्यांच्याकडं इंटरनेट नाही, ज्यांना ही भाषा येत नाही, त्यांनी काय करायचं, असं सरकारला विचारलं. त्याआधी आठवडाभर सरकारी केंद्रांवर जागेवरच नाव नोंदवायची मुभा मिळाली होती, आणि २१ जूनपासून सगळ्या प्रौढांना ती मोकळी झाली. मग आशाताई, अंगणवाडीताई, सरपंच, शिक्षक घरोघर फिरले. भगतालाही विश्वासात घेतलं की पाडा पुढं येतो, हे आपल्या भागात सगळ्यांनाच ठाऊक आहे. वेबसाइट तीच होती, पण आता तिच्यापुढं आपलं माणूस उभं होतं. नाव तेच नोंदवायचं, बाई फक्त दंड पुढं करायची.

फोन परत का केले?

त्याच वर्षी १ मार्चला अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ आलं. बाळाचं वजन, उंची, आहार, हजेरी, सगळं त्यात. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांकडं आधीच्या योजनेत मिळालेले फोन होते. नव्या ॲपचं ओझं त्यांना पेलेना. फोन तापायचा, अडकायचा, बंद पडायचा. दुरुस्तीचा खर्च कुणी द्यायचा हा वाद. ॲप इंग्रजीत. मराठीत शिकलेली, वीस-पंचवीस वर्षं उत्तम काम केलेली बाई एका बोटाच्या चुकीनं नापास ठरू लागली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले.

तेव्हा वर्तमानपत्रांतून असं वाटलं असेल, की बायकांना नवं नको. आम्हाला तसं वाटत नाही. याच बायका स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲप वापरतात, पैसे पाठवतात, पोरांचे दाखले काढतात. त्यांनी मोबाइल नाकारला नव्हता. काम वाढवणारं, आपल्या भाषेत न बोलणारं आणि चूक झाली की मानधनावर येणारं यंत्र नाकारलं होतं. पुढं ॲपमध्ये मराठी आली, नवे फोनही आले. म्हणजे तक्रार रास्तच होती.

आशाताईंचंही तसंच. २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या जानेवारीत आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा मानधनाच्या बरोबरीनं ऑनलाइन कामाचं ओझं हाही त्यांचा मुद्दा होता. ज्या बाईला मोबदला कामावर मिळतो, तिच्याकडून रिचार्ज तिचा, फोन तिचा, वेळ तिचा घेऊन माहिती भरून घ्यायची, तर ती किती दिवस मनापासून भरेल?

आता १ जुलै २०२५ पासून पोषण आहार देताना चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं आहे. आहार चोरीला जाऊ नये हा हेतू चांगला. पण रेंज नसेल, आधारचा नंबर बंद पडलेला असेल, बाई बागेत कामाला गेली असेल, तर तिचं पोर उपाशी राहता कामा नये. यंत्र चालत नसेल तेव्हा हातानं देण्याची सोय काय, हे आपण विचारलंच पाहिजे.

पडद्यावरचा डॉक्टर

दूरवरून डॉक्टरचा सल्ला, ही कल्पना जुनी आहे. २००० साली आंध्रातल्या आरागोंडा या खेड्यात उपग्रहाच्या मदतीनं असं केंद्र सुरू झालं. आपल्या राज्यातही पुढं इस्रोच्या मदतीनं काही जिल्हा रुग्णालयं मुंबईच्या केईएम रुग्णालयाला जोडली गेली. पण ती सोय जिल्ह्याच्या गावापर्यंत आली. घाटापलीकडचा पाडा लांबच राहिला.

करोनाच्या टाळेबंदीत, २०२० च्या एप्रिलमध्ये, ‘ई-संजीवनी’ लोकांसाठी खुली झाली. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत देशात तिच्यावरून १० कोटींवर सल्ले दिले गेले. आपल्याकडं ती बहुतेक करून उपकेंद्रात चालते. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना सीएचओ म्हणतो, ते पेशंटजवळ बसतात, रक्तदाब मोजतात आणि पलीकडच्या डॉक्टरांशी बोलतात.

जिथं सीएचओ रोज हजर असते, आपल्या बोलीतलं दुखणं डॉक्टरला नीट समजावून सांगते, तिथं बाया येतात. नाशिकच्या फेरीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी वाचते. पण डॉक्टरनं सांगितलेली गोळी कपाटातच नसेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पडदा सल्ला देतो, औषध देत नाही, रक्त देत नाही, बाळंतपण करत नाही. ई-संजीवनी आली म्हणून ग्रामीण रुग्णालयातली डॉक्टरची रिकामी जागा भरायची गरज संपली, असं कुणी म्हणायला लागलं तर ते मान्य करायचं नाही.

आपल्या शेजारी, पालघर जिल्ह्यात, २०२१ च्या डिसेंबरात जव्हारहून झाप गावाला ड्रोननं सुमारे ३०० लसी पाठवल्या, दहा मिनिटांच्या आत. मोठं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण ड्रोन उतरल्यावर लस हातात घेणारी आणि टोचणारी सिस्टर तिथं हजर होती, म्हणून त्या दहा मिनिटांना अर्थ आला.

पेठला खरी गरज कशाची?

एवढं पाहिल्यावर कुणी म्हणेल, मग आपला जुना कागदच बरा. आम्ही तसं म्हणत नाही. एका बाबतीत आपल्या तालुक्याला मोबाइलच्या नोंदीची गरज शहरापेक्षा जास्त आहे. ती म्हणजे स्थलांतर.

दिवाळीनंतर गरोदर बाई द्राक्षबागेत जाते. इथल्या आशाच्या यादीत ती ‘बाहेरगावी’. तिथल्या आशाच्या यादीत ती नाहीच. तिचं रक्त कमी आहे, मागचं बाळंतपण शस्त्रक्रियेनं झालं, हे बागेजवळच्या दवाखान्याला कसं कळणार? कुपोषित बाळ इथं वजनात येत होतं, तिकडं त्याचा आहार सुटला, मार्चमध्ये परत आलं तेव्हा हाडं दिसत होती. टीबीची औषधं अर्ध्यावर राहिली. ही आपल्या घरोघरची गोष्ट आहे.

महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागानं पालघर, नंदुरबार, अमरावती, गडचिरोली, चंद्रपूर, जालना या सहा जिल्ह्यांत स्थलांतरित माता आणि मुलांचा माग ठेवणारं ॲप वापरून पाहिलं आणि २०२२ साली ते राज्यभर नेण्याचं ठरवलं. टीबीसाठी २०१२ पासून ‘निक्षय’ची नोंद आहे. तिच्यावरच पेशंटला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळू लागले, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १,००० झाले. २०२१ पासूनचा आभा नंबर तर याचसाठी आहे, की आपले कागद कुठल्याही दवाखान्यात दिसावेत. ही सगळी साधनं दिंडोरीच्या आशाताईला आपली बाई दाखवू शकली, तर त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच नाही. इथली नोंद तिथं उघडली पाहिजे आणि उघडल्यावर तिथल्या माणसानं तिच्या झोपडीपर्यंत गेलं पाहिजे. पहिलं काम यंत्राचं, दुसरं माणसाचं.

एक लक्षात ठेवा. आभा नंबर काढणं ऐच्छिक आहे. नंबर नाही म्हणून सरकारी दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत. आपली माहिती कुणाला दाखवायची याला आपली संमती लागते. आणि फोनवरून ‘योजनेचे पैसे जमा करतो, ओटीपी सांगा’ म्हणणारा कुणीही असो, त्याला ओटीपी द्यायचा नाही.

आपण काय करू शकतो?

२००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकांनीच देखरेख ठेवायचं काम सुरू झालं. गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राचं प्रगतिपुस्तक केलं. चांगलं असेल तिथं हिरवा रंग, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. वाचता न येणाऱ्या बाईलाही भिंतीवरचं लाल दिसायचं. जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढं ते मांडलं की उत्तर द्यावं लागायचं. ती नोंद गावानं केली, गावाला दिसली आणि गावाच्या कामाला आली.

आपल्या गटालाही हे जमण्यासारखं आहे. महिन्याच्या बैठकीत एका वहीत तीन रंगांनी लिहा. या महिन्यात ॲप बंद पडल्यामुळं कुणाचा आहार चुकला का? ई-संजीवनीवर सांगितलेलं औषध मिळालं का? १०८ किती वेळात आली? बागेत गेलेल्या गरोदर बाईला तिकडं कुणी भेटलं का? ही वही ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीपुढं आणि ग्रामसभेत ठेवा. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना गटात बोलावून त्यांचं म्हणणं ऐका. त्यांच्या फोनची तक्रार ही आपलीही तक्रार आहे, तिला गटाचा ठराव जोडा. ज्या मैत्रिणीला फोन नीट वापरता येतो तिनं दोन जणींना शिकवावं, आणि गटातल्या प्रत्येकीचा आधारला जोडलेला नंबर तिचा स्वतःचा आहे का ते पाहावं.

आणि पुढच्या वेळी कुणी साहेब नवं ॲप घेऊन गावात आले, की चहा द्या आणि थर्मामीटरची फुटपट्टी काढा. साहेब, हे जागच्या जागी आम्हाला काय सांगतं? रेंज नसेल तेव्हा काय? सांगितल्यावर पुढं काय करायचं, त्याची सोय इथं आहे का? हे चालवणार आमचीच बाई का, आणि तिला याचे पैसे मिळणार का? तिला शिकवणार कोण, किती वेळा? पाचही उत्तरं नीट मिळाली, तर ते ॲप आपणच पाड्यापाड्यावर पोचवू.

बागेच्या कामाला निघण्याआधी कार्ड बरोबर घ्यायला विसरू नका.